मोठ्यांचे पाळणे

मराठी भाषेनं एक गंमत करून ठेवली आहे. बाळाला निजवतात तोही पाळणा आणि जत्रेत उंच नेऊन आपल्या पोटात गोळा आणतो तोही पाळणाच. पहिल्यात माणूस रडत चढतो आणि हसत उतरतो. दुसऱ्यात हसत चढतो आणि कसा उतरतो ते आमच्या शेजारच्या नानांना विचारा.

आमच्या घरात पहिला पाळणा काही हलला नाही. आमचं लग्न झालं त्या सुमारास भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण होता आणि सरकार दोन किंवा तीनवर थांबा म्हणून हात जोडत होतं. आम्ही शून्यावरच थांबलो. सुरुवातीची काही वर्षं डॉक्टर, नवस, आत्याबाईंनी सांगितलेला कडू काढा, सगळं यथासांग झालं. मग एके दिवशी ही म्हणाली, "पुरे आता." ते दोन शब्द बोलताना तिला काय पडलं असेल, ते मी कधी विचारलं नाही. त्याच वर्षी आम्ही जेजुरीच्या यात्रेला गेलो, आणि खंडोबाचं दर्शन झाल्यावर पाळण्यात बसलो. पाळणा वर गेला तशी ही जी ओरडली! एवढ्या मोठ्यांदा ओरडताना मी तिला त्याआधी ऐकलं नव्हतं. खाली आल्यावर पदर सावरत म्हणाली, "आणखी एकदा बसू या का हो?" तेव्हापासून दुसऱ्या जातीच्या पाळण्याचं जे वेड आम्हा दोघांना लागलं, ते आजतागायत.

पण या वेडाला जगात एक अडचण आहे. बरोबर मूल लागतं. पोरं घेऊन गेलात तर तुम्ही हौशी आईबाप. तसेच गेलात तर तुमच्याकडे लोक संशयाने पाहतात. मुंबईजवळच्या एका उद्यानाच्या खिडकीवर झालेला संवाद देतो.

"मोठे किती?"

"दोन."

"लहान?"

"नाहीत."

"म्हणजे मागून येतायत?"

"नाही. येतच नाहीयेत."

"काका, आत तुमच्यासारख्यांना तसं काही नाही हो. पोरांचं आहे सगळं."

मागच्या रांगेतल्या एक बाई, कडेवर एक आणि हाताला दोन अशा थाटात, कळवळून म्हणाल्या, "काका, आमच्यातले दोन न्या हवं तर. संध्याकाळी परत द्या." त्या दिवशी आम्ही दोघं खूप हसलो. रात्री भाकरी थापता थापता हिनं एकदम विचारलं, "अहो, तुम्ही इतिहासाचे मास्तर ना? मग सांगा, ही पाळण्यांची उद्यानं पहिल्यापासून पोरांसाठीच काढली होती का?"

तीस वर्षं मी शाळेत पानिपतची कारणं सांगितली, पण असा मुद्द्याचा प्रश्न एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. निवृत्तीनंतर मी त्याच्या मागे लागलो. थोडं पुस्तकांतून शोधलं, आणि फंडाचे पैसे संपेपर्यंत थोडं दोघांनी हिंडून. उत्तर असं, की नाही, मुळीच नाही. पोरं या धंद्यात फार उशिरा आली.

यातलं सगळ्यांत जुनं ठिकाण डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या उत्तरेला जंगलात आहे. त्याला बाकेन म्हणतात. गोष्ट १५८३ सालची. कीर्स्टेन पील नावाच्या बाईला या रानात एक झरा सापडला आणि त्याच्या पाण्यानं दुखणी बरी होतात अशी वदंता पसरली. दुखणाईत आले. त्यांना भूक लागली म्हणून खाणावळवाले आले, खाणावळीत गर्दी झाली म्हणून डोंबारी आणि जादूगार आले. पुढं १८७७ साली तर तिथं गाणाऱ्या बायकांचा एक फड कायमचा उभा राहिला. यात मराठी माणसाला नवीन काय आहे? आधी देव, मग प्रसादाचं दुकान, मग पाळणा आणि कडेला तमाशाचा तंबू. आपल्या जत्रेचा तरी दुसरा कोणता क्रम असतो? एवढंच, की आपल्या जत्रा देवाच्या तिथीला उठतात आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर नुसत्या पत्रावळी उरतात, तर ती जत्रा चारशे वर्षांहून अधिक काळ उठलेलीच नाही. आत जायला पैसे पडत नाहीत. ज्या पाळण्यात बसाल त्याचेच द्यायचे. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

लंडनला व्हॉक्सहॉल नावाची बाग होती. सतराव्या शतकात सुरू झाली आणि १८५९ साली मिटली. दिवे, गाणं-बजावणं, रात्रीचं जेवण आणि मुद्दाम अंधाऱ्या ठेवलेल्या काही वाटा, असा तिथला कार्यक्रम. अंधाऱ्या वाटा कशासाठी हे मी शाळेत शिकवत नव्हतो आणि इथंही सांगत नाही. पण त्या वाटा शाळकरी पोरांसाठी नव्हत्या एवढं नक्की. आणखी एका गोष्टीबद्दल ही बाग गाजली. तिथं हॅमचे काप इतके पातळ मिळत, की त्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल अशी लंडनकर थट्टा करीत. उद्यानात गेल्यावर भूक वाढते आणि ताटातलं कमी होतं, हा नियम तेव्हापासूनचा आहे.

व्हिएन्नाचं प्राटर हे बादशहाचं शिकारीचं रान. सम्राट दुसऱ्या जोसेफनं ते १७६६ साली सगळ्यांना मोकळं केलं आणि कॉफीवाल्यांना, खाणावळवाल्यांना आत दुकानं टाकायची परवानगी दिली. सरदारांनी कुरकुर केली, की आता आम्ही आमच्या बरोबरीच्यांत कुठं फिरायचं? तेव्हा सम्राट म्हणाला म्हणतात, की मला माझ्या बरोबरीच्यांतच वावरायचं झालं तर पूर्वजांच्या तळघरात, थडग्यांमध्ये जाऊन राहावं लागेल. असा राजा आपल्याला का मिळाला नाही, असं ही म्हणाली. मी म्हटलं, मिळाले असतील, पण त्यांची रानं आपण केव्हाच तोडली.

प्राटरचा मोठा पाळणा १८९७ सालचा, जवळजवळ ६५ मीटर उंच. पूर्वी त्याला लाकडी खोल्यांसारखे ३० डबे होते. १९४४ मध्ये युद्धात तो जळाला, पुन्हा उभारला तेव्हा सांगाडा जरा नरम वाटला म्हणून १५च लावले. तो इतका सावकाश फिरतो की वरती जाईपर्यंत नवरा-बायकोचं एक भांडण काढून मिटवताही येतं. आम्ही काढलं. विषय गॅस बंद केला होता की नाही हा होता. खाली बिअरची बाग आहे, झाडांखाली लाकडी बाकं आहेत, आणि हातात मग घेऊन बसलेली सत्तरीची जोडपी आहेत. कोणी कुणाला विचारत नाही की तुमचं लहान कुठंय.

आता टिव्होली. माझ्या मते या सगळ्यांचा राजा हाच. जॉर्ज कार्स्टेन्सन नावाच्या हरहुन्नरी गृहस्थानं कोपनहेगनच्या तटाबाहेरची जागा राजाकडून मागून घेतली आणि १५ ऑगस्ट १८४३ ला बाग उघडली. आतलं तळं म्हणजे जुन्या खंदकाचाच उरलेला तुकडा. लोक करमणुकीत गुंतले की राजकारणाचा विचार करीत नाहीत, असं त्यानं राजाला पटवलं असं सांगतात. आपल्याकडे हे तत्त्व लागू पडत नाही. आपल्याकडे राजकारण हीच करमणूक आहे.

त्या पहिल्याच वर्षी एक अडतीस वर्षांचे गृहस्थ टिव्होलीत हिंडत होते. बरोबर मूल नव्हतं. लग्नच झालं नव्हतं आणि पुढंही झालं नाही. बागेतला चिनी थाट पाहून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट आली. एक चिनी बादशहा आणि एक बुलबुल. गृहस्थांचं नाव हान्स ख्रिश्चन अँडरसन. जगातल्या पोरांनी आजवर ज्यांच्या गोष्टी ऐकत झोप घेतली ते हे गृहस्थ खिडकीवर उभे असते तर त्यांनाही ऐकावं लागलं असतं, "काका, पोरांचं आहे सगळं!"

टिव्होलीत १९१४ सालची लाकडी घसरगाडी अजून धावते, आणि तिच्यावर एक माणूस बसून हातानं ब्रेक ओढतो. ही त्या ब्रेकवाल्यावर इतकी खूष झाली की तीनदा बसली. यंत्रापेक्षा माणसावर भरवसा ठेवायचा, हा तिचा स्वभाव. माझ्याशी लग्न केलं यात सगळं आलं. टिव्होलीत आत जायचं तिकीट वेगळं आणि पाळण्यांचं वेगळं. म्हणजे नुसतं आत जाऊन झाडाखाली बसायची, गाणं ऐकायची आणि दिवे लागताना पाहायची सोय आहे. संध्याकाळ हीच तिथली खरी वेळ. सकाळी जाऊ नका.

युरोपातून हे वारं अमेरिकेत गेलं आणि न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडच्या समुद्रकाठी त्याचं वादळ झालं. १८८४ साली थॉम्पसन नावाच्या माणसानं तिथं पाच सेंट घेऊन उतारावरून गाडी सोडली. वेग ताशी सहा मैल, म्हणजे आपली रिक्षा चढावर जाते तेवढा. तरुण मंडळींना गुत्त्यांतून बाहेर काढावं हा त्याचा सात्त्विक हेतू होता म्हणतात. बाहेर आली खरी, पण सात्त्विक राहिली नाहीत. १८९७ मध्ये टिल्यू नावाच्या धंदेवाल्यानं स्टीपलचेस पार्क काढलं. तिथं रुळांवरून पळणाऱ्या लाकडी घोड्यावर दोघांनी मागेपुढे बसायचं. ज्या काळात बागेतल्या बाकावर दोघांमध्ये वीतभर अंतर ठेवावं लागे, त्या काळात त्यानं पडू नये म्हणून घट्ट धरून बसण्याचा अधिकार पैसे घेऊन विकला. १९०७ मध्ये हे पार्क जळून खाक झालं. दुसऱ्या दिवशी टिल्यूनं पाटी लावली, की जळके अवशेष पाहायचे दहा सेंट! असा माणूस आपल्याकडे जन्मता तर सहकारी साखर कारखान्याचा चेअरमन झाला असता.

१९०३ साली शेजारी लूना पार्क उघडलं. अडीच लाख विजेचे दिवे, चंद्रावरची सफर, हत्ती, उंट. पण मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे, कारण त्या सगळ्या मोठ्यांच्या बाजारात मुलं फक्त तिथं होती. मार्टिन कूनी नावाचा एक माणूस होता. स्वतःला डॉक्टर म्हणवायचा. त्याच्या पदवीचा पुरावा काही सापडलेला नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेली, तळहाताएवढी बाळं काचेच्या उबदार पेट्यांत ठेवून तो ती लोकांना दाखवी. २५ सेंट तिकीट. ऐकून अंगावर काटा येतो. माझ्याही आला. पण त्या काळी बहुतेक इस्पितळांत अशा पेट्या नव्हत्या आणि अशी बाळं जगायचीच नाहीत असं धरून चालत. कूनी आईबापांकडून एक पैसा घेत नव्हता. परिचारिका, दूध, कोळसा, सगळा खर्च बघ्यांच्या तिकिटातून. १९०३ पासून १९४३ पर्यंत त्यानं हे चालवलं आणि साडेसहा हजारांच्या आसपास बाळं जगवली असं सांगतात. शहरातल्या इस्पितळात अशा बाळांची सोय झाली, मग त्यानं खेळ बंद केला.

हे मी हिला वाचून दाखवलं तेव्हा ही मेथी निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पंचवीस सेंट म्हणजे किती हो तेव्हाचे?"

मी म्हटलं, "फार नाही. पण गरिबाला थोडेही नाहीत."

"मी रोज गेले असते," ही म्हणाली, आणि मेथी घेऊन आत गेली.

असो. मग मुलं आली कधी? ती आणली वॉल्ट डिस्नेनं, आणि त्याची हकीकत तर फारच बोलकी आहे. डिस्ने दर शनिवारी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या चक्रीवर न्यायचा. मुली लाकडी घोड्यांवर गोल गोल फिरायच्या आणि हा बाहेर बाकड्यावर शेंगदाणे खात बसायचा. तो स्वतःच सांगे, की त्या बाकड्यावर त्याच्या मनात आलं, आईबाप आणि मुलं दोघांनाही एकत्र मजा येईल अशी जागा का नसावी? म्हणजे पाहा, डिस्नेलँडचा जन्म पोरांच्या हट्टातून झालेला नाही. एक मोठा माणूस बाकड्यावर कंटाळला, त्यातून झाला. ते बाकडं त्यांनी डिस्नेलँडमध्ये जपून ठेवलं आहे. आपल्याकडे असतं तर पुढाऱ्यांच्या हस्ते त्याचं अनावरण होऊन पाय मोडला असता.

डिस्नेच्या बायकोनं त्याला वेड्यात काढलं होतं, की असली पार्कं घाणेरडी असतात, तुला कशाला हवीत ती? तो म्हणाला, माझं तसं नसेल. कोनी आयलंडचा बकालपणा त्याला नको होता. टिव्होली मात्र त्यानं पाहिली आणि ती त्याला आवडली. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं तो दिवस मात्र आपल्या एखाद्या लग्नासारखा गेला. बनावट पास घेऊन हजारो लोक घुसले, ताज्या डांबरात बायकांच्या चपलांच्या टाचा रुतल्या. नळवाल्यांच्या संपामुळं पिण्याच्या पाण्याचे नळ करायचे की संडास, यातून एकच निवडणं भाग होतं. डिस्नेनं संडास निवडले. साठी ओलांडलेला कोणीही माणूस या निर्णयाबद्दल त्याला दुवा देईल.

सुरुवातीला तिथंही टिव्होलीसारखंच होतं, आत जायचा एक डॉलर आणि पाळण्यांचे पैसे वेगळे. पुढं तिकिटांची पुस्तकं आली आणि १९८२ मध्ये तीही गेली. आता एकदाच भरमसाट पैसे भरा आणि दिवसभर हवं तितकं फिरा. माझ्या मते या दिवशी म्हाताऱ्यांवर अन्याय झाला. पोरं बारा पाळण्यांत बसून पैसे वसूल करतात. आम्ही तीन पाळणे, दोन चहा आणि पाच बाकडी करतो, आणि पैसे मात्र बाराचेच. डिस्ने ज्या बाकड्यावर फुकट बसून शेंगदाणे खात होता, त्या बाकड्याचंच तिकीट त्याच्या वारसांनी लावलं.

त्यातल्या त्यात मोठ्यांसाठी बरं ते फ्लॉरिडातलं एप्कॉट. १ ऑक्टोबर १९८२ ला उघडलं. तळ्याभोवती निरनिराळ्या देशांचे मंडप आहेत, तेव्हा नऊ होते आणि आता अकरा. प्रत्येकात त्या देशाचं खाणं आणि पिणं. सुरुवातीला तर मिकी माऊसलासुद्धा तिथं मज्जाव होता, एवढं ते गंभीर प्रकरण. न्यू जर्सीच्या आमच्या पुतण्यानं तिकिटं काढून दिली, पण त्याची पंधरा वर्षांची कन्या म्हणाली, "तिथं बोअर होतं, आजी." तेव्हाच मी ओळखलं की आपल्या कामाची जागा सापडली. भारताचा मंडप मात्र तिथं नाही. हिनं तळ्याला फेरी घालून त्याची जागासुद्धा नक्की केली. मोरोक्कोच्या शेजारी, पुरणपोळी आणि कटाची आमटी. देखरेख ती स्वतः करणार.

पॅरिसच्या डिस्नेची गोष्ट थोडक्यात सांगतो. १२ एप्रिल १९९२ ला ते उघडलं तेव्हा आत दारू नाही असा नियम होता. फ्रेंच माणसाला जेवताना वाइन नाही म्हणणं म्हणजे कोल्हापूरकराला तांबडा रस्सा नाही म्हणण्यासारखं. वर्षभरात नियम बदलला. तिथं आम्ही गेलो नाही. हिला पाऊस सोसत नाही आणि मला पॅरिसचे भाव.

पण मुलं बरोबर नसलेल्या मोठ्यांनी कुठं जावं असं मला कोणी विचारलं, तर टिव्होलीच्या बरोबरीनं मी टोकियोचं नाव घेईन. तिथं शेजारी-शेजारी दोन पार्कं आहेत. १९८३ सालचं डिस्नेलँड पोराबाळांचं; २०२० पर्यंत तर तिथं दारूचा थेंब मिळत नव्हता. आणि ४ सप्टेंबर २००१ ला उघडलेलं डिस्नेसी हे मोठ्यांचं. बंदरं, गलबतं, व्हेनिसच्या होड्या, नांगर टाकलेली एक भली थोरली आगबोट, तिच्यात उपाहारगृह, आणि पहिल्या दिवसापासून पेयपान खुलं. गर्दी मात्र अफाट. वय झालेली जोडपी आहेत, कचेरीतल्या मैत्रिणी आहेत, एकटेच आलेले साहेबही आहेत. काही पाळण्यांना एकट्यानं बसणाऱ्यांची वेगळी रांग असते. तिच्यात गेलं की नंबर लवकर लागतो, फक्त नवरा-बायकोची ताटातूट होते. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारानंतर तीन मिनिटांची ताटातूट कोणाला जड जात नाही. ही माझ्या आधी सुटली ती दोन जपानी आजीबाईंच्या मधे बसून, आणि बाहेर आली तेव्हा तिघी एकमेकींचे हात धरून हसत होत्या. भाषा? हिला जपानीचं अक्षर येत नाही आणि त्यांना मराठीचं.

त्या आजीबाईंच्या डोक्यावर मिकीचे कान होते. दुकानात जाऊन हिनंही घेतले, लाल ठिपक्यांच्या फितीचे. मी हळूच किंमत पाहिली आणि गप्प बसलो. रात्री माइहामा स्टेशनवर गाडीत चढलो तेव्हा डब्यात निम्म्या डोक्यांवर कान होते. पुढच्या एकेका स्टेशनवर लोक उतरत गेले, कान कमी होत गेले, आणि टोकियो स्टेशन आलं तेव्हा आमच्या डब्यात हिचेच तेवढे उरले. मी म्हटलं, "काढ आता, मी पिशवीत ठेवतो."

"राहू द्या हो," ही म्हणाली, आणि तशीच सरकत्या जिन्यावर चढली.